लेथची लाइट जाते

६ मार्च
पुन्हा गेली. आई मागच्या खोलीत लेथवर होती, मी आत जेवत होते. आधी मशीनची घरघर उतरत गेली, मग आईचा आवाज – "गेली गं!" बाबा मागच्या व्हरांड्यातल्या खुर्चीतून उठले, भिंतीवरच्या बोर्डाचा खटका वर केला. "आली." जसं काही स्वतःच वीज तयार केली.

मी दिवसभर कारखान्यात दुसऱ्यांची विजेची पॅनेल तपासते, शिक्के मारते. घरात आईचं मशीन धड तासभर चालत नाही. ती जिन्याच्या कठड्याचे लाकडी दांडे कातते. मध्येच मशीन थांबलं की दांड्यावर वळ उठतो, तो पुन्हा घासायचा. दांडे ठरल्या दिवशी द्यायचेत.

७ मार्च
बोर्ड उघडला. शी.

आत भुशाचा थर, त्यात वंगण मुरून झालेला काळा चिखल, आणि न्यूट्रलच्या पट्टीला चिकटलेली वाळकी पाल. जोड चिकटपट्टीने गुंडाळलेले. एका जोडाला चिकटपट्टीही नाही, दुधाच्या पिशवीचा तुकडा. हे काम चालेलकाकांचं – बाबांचे मित्र, वायरमन. काहीही दाखवा, "चालेल" म्हणतात. खरं नाव घरात कुणालाच आठवत नाही.

बोलावलं. टॉर्च मारून म्हणाले, "इथे अर्थच नाहीये."
"कशालाच नाही," बाबा म्हणाले. दोघं खूप हसले.

मग काका म्हणाले, "हा लीकेजवाला ब्रेकर काढूनच टाकू. सारखी कटकट. डायरेक्ट चालेल."
मी सांगितलं, वायरीतली वीज अंगातून वाहायला लागली की हा ब्रेकर ती तोडतो. काढलात तर लाइट जाणार नाही, माणूस जाईल.
"शिकलेल्या पोरीशी कोण वाद घालणार," म्हणाले आणि चहा संपवून गेले. कपाच्या कानाला काळं वंगण लावून गेले. दोनदा धुतला.

८ मार्च, रविवार
सगळं उपसून काढलं. नव्या वायरी, नवं अर्थिंग, प्रत्येक जोड स्क्रूने आवळलेला. मोटारीचं इन्सुलेशन मेगर मीटरने मोजलं, उत्तम निघालं. पाल चिमट्याने उचलून टाकली. बोर्ड बाहेरूनही पुसून काढला.

टॉर्च धरायला आई होती. उजेड सारखा एका बाजूला सरकायचा.
"आई, इकडे."
"धरलाय की नीट. बाळंतपण करतेयस का त्याचं?"

अंगाला अजून पालीचा वास येतोय. तरी समाधान आहे. आता जाणार नाही.

९ मार्च
गेली.

११ मार्च
ब्रेकर काढून कारखान्यात नेला, टेबलावर तपासला. निर्दोष. येताना गळती मोजायचा मीटर मागून आणला. ब्रेकरमधून निघालेली वीज आणि परत आलेली वीज सारखी हवी. कमी परत आली तर उरलेली कुठेतरी गळतेय. हा मीटर तो फरक दाखवतो, आणि सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. ब्रेकरच्या पुढे वायरींना लावून ठेवला.

आई लांबून बघत होती. "तू असं नाक मुरडून बघतेस ना त्याच्याकडे, लाजूनच बंद पडत असेल तो."

१३ मार्च
कालही गेली. मीटरवरचा आकडा नगण्य. म्हणजे गळतीच झाली नाही. मग तोडली कशी?

आज कामावर जाण्याआधी बोर्डासमोर नुसती उभी राहिले. रविवारी पुसला होता, पुन्हा सगळीकडे भुसा बसलाय. ब्रेकरवर, खटक्यांवर, झाकणाच्या कडेला. एक छोटं बटण तेवढं स्वच्छ होतं. त्यावरचं T अक्षर अर्धं झिजलेलं.

हे बटण ब्रेकर चालतो की नाही हे बघायला असतं. दाबलं की ब्रेकरला आतल्या आत खोटी गळती दाखवली जाते आणि तो वीज तोडतो. पुढच्या वायरींवरच्या मीटरला त्याचा पत्ता लागत नाही.

बाबांच्या खुर्चीतून बोर्ड हातभर अंतरावर आहे, आणि खिडकीतून आईचा लेथ समोर दिसतो.

मी मोटार तपासली, वायरी तपासल्या, ब्रेकर तपासला. माणूस तपासायचं सुचलं नाही.

संध्याकाळी, आई दुकानात गेली तेव्हा विचारलं. "बाबा, ते बटण तुम्ही दाबता?"
पेपर खाली आला नाही. "आपला चालेल म्हणाला होता, महिन्यातून एकदा दाबून बघावं."
"महिन्यातून."
पान उलटलं. मग पेपरच्या मागून, "तिचा डावा हात बघितलास का तू कधी? हात टेकवायची जी पट्टी असते, ती चाचपते. मशीन चालू असताना. तिला त्या बाजूचं दिसत नाहीये."
"मग तिला सांगा."
"सांगितलं. दोनदा. म्हणाली, बरं, उद्यापासून तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसते. मग आठवडाभर बोलली नाही." पेपर खाली आला. "हात फार जवळ गेला की दाबतो. थांबलेल्या मशीनने कुणाचं बोट जात नाही."

बायकोला सरळ तोंडावर बोलता येत नाही म्हणून चोरून तिच्या मशीनची वीज तोडायची, आणि वर "आली" म्हणून उपकार करायचे! ती बिचारी प्रत्येक वेळी "गेली गं" म्हणते. तिचा खराब झालेला प्रत्येक दांडा यांच्या बोटाने झालाय. आणि माझा अख्खा रविवार त्या पालीबरोबर गेला.

१४ मार्च
बोर्डाला पत्र्याची पेटी बसवली, कुलूप घातलं. किल्ली माझ्या जुडग्यात. वीज खरंच तोडायची वेळ आली तर मशीनजवळ मोठं लाल बटण बसवलंय, आईच्या उजव्या हाताला.

बाबा म्हणाले, "आणि तिचा हात?"
"मी बोलेन तिच्याशी. तोंडाने."

१५ मार्च, रविवार
आईशेजारी स्टूल घेऊन बसले. बाबा खरं सांगत होते. ती मान डावीकडे वळवून वळवून बघते, कोंबडीसारखी. हात पट्टी शोधत फिरत्या लाकडाच्या किती जवळ जातो, ते बघवत नाही. मशीन थांबल्यावर मी तिच्या डाव्या बाजूला हात हलवला. तिला कळलंच नाही.

"आई, तुला डाव्या बाजूचं दिसत नाहीये."
"भुसा गेलाय डोळ्यात."
"डॉक्टरकडे जाऊ."
"तो काय सांगणार? बंद करा म्हणेल. मग काय, यांच्यासारखी पेपर वाचत बसू? तेही दिसायला हवं."

मी समजावलं. हात पट्टीपासून किती लांब पडतो, मान किती वळते, कुठल्या कोनात काही दिसत नाही. कारखान्यात नापास झालेल्या पॅनेलबद्दल बोलते तसंच बोलले. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्या तोंडावर लेथ चालू केला.

स्वतःच्या आवाजाचीच शिसारी आली.

१६ मार्च
आजारी असल्याचं कळवून घरी राहिले. दिवसभर लाइट गेली नाही. बाबा खुर्चीत बसले नाहीत. खिडकीशी उभे, हात पाठीमागे बांधून. दुपारी जेवले नाहीत.

आईने दोन दांडे केले. एरवी पेटीभर करते.

१७ मार्च
सकाळी डबा भरत होते. आई आत आली, हात पुढे केला. "पेटीची किल्ली दे."
"कशाला?"
"यांच्या खुर्चीवर ठेवते."
मी डबा खाली ठेवला.
"काल भीतीने हातच उचलेना. आता कोण सांगणार मला, हात जवळ गेला म्हणून?" जुडग्यातून किल्ली तिनेच काढली. चाचपून. "डॉक्टरची वेळ घे, पुढच्या आठवड्यातली. तोवर एवढे दांडे होऊ देत. किल्ली तूच ठेवलीस असं वाटू दे, आणि मला माहीत आहे हे यांना सांगू नकोस. उगाच लाजतील."