डोळ्याला दार

१४ जून

पोचले बाई एकदाची आखातात! विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तर कुणीतरी तोंडावर हेअर ड्रायर धरल्यासारखं झालं. मी ‘अगं आई गं’ म्हणून ओरडले आणि अथर्व पोट धरून हसला. म्हणाला, ही नुसती तोंडओळख आहे, जुलै यायचाय अजून. हसू दे. लग्नाला वर्ष होत आलं आणि आज कुठे आम्ही नवरा-बायको एका घरात आलो. आज त्याला सगळं माफ.

घर मंगफ नावाच्या भागात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून दोन इमारतींच्या मधून साडीच्या काठाएवढा समुद्र दिसतो. अथर्व अहमदीपलीकडच्या प्लांटवर टेक्निशियन आहे, पहाटे कंपनीची बस येते आणि अंधार पडता पडता परत सोडते. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची नाही. कराडला माझं पार्लर होतं, लग्नसराईत जेवायला फुरसत नसायची. इथे आता पाय पसरून बसायचं म्हणे. बघू किती दिवस जमतंय ते.

समोरच्या नूरबानूभाभी श्रीवर्धनच्या. संध्याकाळी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन आल्या. बोलतात गोड, कोकणी वळणाचं. जाताना म्हणाल्या, काही लागलं तर दार वाजव, लाजू नको. मला त्या फार आवडल्या.

२२ जून

पाय पसरून बसणं जमलं नाही! दुपारी बाहेर पडायची सोय नाही, दुकानंसुद्धा चारपर्यंत बंद. टीव्ही तरी किती बघणार? म्हणून व्हिडिओ सुरू केलेत, ‘स्वस्तात मस्त डोळे’. नाव अथर्वने दिलं आणि वर म्हणाला, बायको पण स्वस्तात मस्त मिळाली. उशी फेकून मारली.

इथल्या मॉलमध्ये बायकांचे डोळे बघत राहावंसं वाटतं. अंगभर काळं आणि उघडे फक्त डोळे, पण काय डोळे! जाड काळी रेघ, कानापर्यंत ताणलेली विंग, वर सोनेरी झाक. महागडे ब्रँड असतील त्यांचे. मी शंभर फिल्सच्या, म्हणजे आपल्याकडच्या ‘हर माल’सारख्या स्वस्त दुकानातून रंगांचं पॅलेट आणलं आणि तसंच करून दाखवलं. प्रायमर नाही? पापणीवर थोडं कन्सीलर थापा. रंग चढत नाही? खाली मरून लिपस्टिक बोटाने पसरा. विंग वाकडी होते? डोळ्याच्या कडेला सेलोटेप चिकटवा आणि टेपच्या काठाने ओढा. बायका धडाधड बघायला लागल्या.

आज इथल्या मराठी मंडळाच्या मेधाताईंचा फोन. आठ ऑगस्टला मंगळागौरीचा कार्यक्रम आहे आणि त्यांची मुलगी अक्षरा खेळांत पुढे आहे. कॉलेजला जाईल पुढच्या वर्षी. तिचे डोळे मी करायचे. पोरगी घरी येऊन गेली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, पण गोड आहे आणि डोळे तर असे टपोरे, की हात शिवशिवले. हे जमलं तर इथल्या सगळ्या नवऱ्या माझ्याकडे येतील. आत्ता मी अथर्वची बायको आहे, बस. आठ ऑगस्टनंतर मी उर्वी असेन.

४ जुलै

आज शुक्रवारच्या बाजारात गेलो. जुने गालिचे, मिक्सर, सायकली, पोपट, काय वाट्टेल ते. एका म्हातारीसमोर चादरीवर फुटक्या कपबशा आणि एक पितळी सुरमेदाणी होती. आत दाट काळा सुरमा, अजून अर्धा. म्हातारीने भाव केला नाही, मी दिलं ते घेतलं आणि सुरमेदाणी माझ्या हातात अशी कोंबली, जणू तिला ती नकोच होती.

घरी येऊन काडी बाहेर काढली तर तिला एक पापणीचा केस चिकटलेला. लांब, वळलेला. दुसऱ्याचं काजळ वापरायचं नाही, हा आमच्या कोर्सचा पहिला धडा. मी तो ढीगभर मुलींना शिकवलाय. पण रंग असा होता ना, की त्यापुढे बाजारातलं काजळ राखेसारखं दिसलं. काडी स्पिरिटने पुसली. मोह झाला, दुसरं काय.

६ जुलै

आजचा व्हिडिओ म्हणजे कळस! पूर्ण अरबी डोळा. मरून, सोनेरी, विंग, आणि वरून खालून सुरम्याची जाड रेघ.

रेघ ओढताना द्वारकाआत्या आठवली. ती एरंडेलाचा दिवा लावून ताटलीवर काजळी धरायची आणि लोण्यात खलायची. आळीतल्या सगळ्या बाळांना तीच काजळ घालायची. पण रेघ कधी पूर्ण मिटवायची नाही. नाकाकडच्या कोपऱ्यात तांदळाएवढी जागा कोरी सोडायची आणि म्हणायची, डोळ्याला दार ठेवावं बाई, आलेलं जायला वाट पाहिजे. आम्ही सगळ्या भाच्या तसंच काजळ घालतो. मी नवरी मुलींनासुद्धा तसंच घालते, सवयीने.

आज पहिल्यांदा दार बंद केलं. अरबी डोळ्याला फट शोभत नाही. कॅमेऱ्याकडे बघून म्हणालेसुद्धा, शेवटची फट बंद करायला विसरू नका मैत्रिणींनो. रेघेला रेघ मिळाली तेव्हा कानात दडा बसल्यासारखं झालं, विमान उतरताना होतं तसं. आरशात बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

९ जुलै

रेघ निघत नाही. खोबरेल लावलं, कोल्ड क्रीम लावलं, बेसन लावलं. मरून आणि सोनेरी गेलं, पण रेघ तशीच, ओली असल्यासारखी चमकते. अथर्व म्हणतो, बरंय की, रोजचा खर्च वाचला. व्हिडिओ मात्र तुफान चाललाय. अक्षराचा मेसेज आला, मला हेच डोळे हवेत, सेम टू सेम.

१४ जुलै

नूरबानूभाभी चहाला आल्या होत्या. गप्पा मारता मारता मध्येच थांबल्या आणि विचारलं, गो, तू पापणी का लववत नाहीस? मी हसले. त्या हसल्या नाहीत. कप अर्धा ठेवून गेल्या.

नंतर मी आरशासमोर बसून बघितलं. खरंच. मी ठरवून मिटले तरच मिटतात, तेही जोर लावून, जाम झालेलं शटर ओढावं तसे. आणि एक गोष्ट लिहायलाच नको वाटते. मी आरशात कपाळाकडे बघत होते. आरशातले डोळे कपाळाकडे बघत नव्हते.

२० जुलै

अथर्वला सगळं सांगितलं. घाबरला बिचारा. सुट्टी टाकून क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, ड्रॉप घाला, आणि डोळे बांधून झाकून ठेवू नका, हवा लागू दे. अथर्व तेवढंच धरून बसलाय.

खरं सांगते, मला भीती वाटते. दुपारी घरात मी एकटी असते. एसीचा आवाज आणि बाहेर पांढरं ऊन. मला भिंतीकडे बघायचं असतं आणि नजर फोनकडे जाते. फोनवर अक्षराचा फोटो उघडलेला असतो. मी उघडलेला नसतो.

आईकडे जाऊन येते म्हटलं. अथर्व म्हणाला, त्याला डिसेंबरपर्यंत रजा नाही, एवढं आजारी माणूस एकटं कसं पाठवू? प्रेमानेच म्हणाला.

२७ जुलै

डोळे बांधून लिहिते आहे. ओढणी घट्ट बांधलीये. ओळी एकावर एक चढत असतील, चढू देत.

आता कळलंय. डोळे उघडे असले की हात तिचे. तोंडही तिचं. मी आत असते, सगळं दिसतं, पण कोंडलेल्या खोलीच्या आतून बघावं तसं. डोळे बांधले की हात परत माझे.

ती कोण, माहीत नाही. आधी कुणाच्या तरी डोळ्यांत होती, त्याच्या आधी आणखी कुणाच्या. आली ती रेघेच्या आत आणि मी मागून दार लावलं. आत्या, मीच लावलं गं.

नूरबानूभाभींना चिठ्ठी लिहिली होती. दाराखालून सरकवायला आधी डोळे सोडावे लागले. सोडले आणि माझ्याच हातांनी ती फाडली. बारीक बारीक.

ही वही डोळे बांधूनच तांदळाच्या डब्यात ठेवते. तिला वही ठाऊक नाही. देवा, नसू दे.

१ ऑगस्ट

कोपरा खरवडून बघितला. रेघेत तांदळाएवढी जागा केली की ती जाईल. कानकोरण्याने, आंधळेपणाने. रक्त आलं. बोटाने चाचपलं, कोरं लागलं. रडले आनंदाने.

अथर्वने ओढणी सोडली. डॉक्टर काय म्हणाले विसरलीस का, म्हणाला. आरसा दिसला. जखमेवरून रेघ परत आली होती. रक्तातून, काळी.

अथर्व म्हणतो, हल्ली किती छान बघतेस माझ्याकडे.

४ ऑगस्ट

अक्षरा हवीये तिला. तरुण डोळे. मला नुसती वापरते आहे, तिच्यापर्यंत पोचायला.

मनात आलं, ती अक्षराकडे गेली तर मी सुटेन. आलं मनात. लाज वाटली. पोर आहे ती.

अथर्वला म्हटलं, डोळे बांधलेलेच ठेवून म्हटलं, सुरमेदाणी समुद्रात टाक, शपथ आहे. तो हो म्हणाला. नंतर त्याने ओढणी सोडली आणि मीच त्याच्याकडे हसून काहीतरी बोलले. काय बोलले ऐकलं मी. गंमत केली रे म्हणाले. आठ तारखेला लागणारे ना ती.

६ ऑगस्ट

एक सापडलंय. पापण्या. पापण्या अजून थोड्या माझ्या आहेत. जोर लावला तर क्षणभर मिटतात. मिटल्या की हात थांबतो.

म्हणजे शेवटच्या क्षणी मिटायच्या. फट राहील. अक्षराच्या डोळ्याला दार राहील. तेवढंच करायचंय मला. बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

८ ऑगस्ट

बाथरूममध्ये आहे. आतून लॉक लावलंय. ओढणी बांधलीये. लवकर लिहिते –

दुपारी आली. नऊवारी, नथ, हातावर ओली मेंदी. खुर्चीत बसली, मान वर. माझे हात चालले. कन्सीलर, मरून, सोनेरी, टेप. इतकं सुंदर मी कधी केलं नव्हतं. मग काडी. वरून ओढली. खालून ओढली. ती हलली नाही, विश्वासाने बसली होती पोर. मी आतून ओरडत होते –

कोपरा आला. मिटले. सगळा जीव लावून मिटले. हात थांबला! दोन्ही डोळ्यांना थांबला. तांदळाएवढी फट राहिली, बघितली मी. जमलं मला. आत्या, जमलं –

अक्षराने आरसा घेतला. नेहमीसारखं इंग्रजीत म्हणाली, मावशी, इथे राहिलंय. व्हिडिओत असं नाहीये.

माझ्या हातातली काडी तिने घेतली. तिनेच. मेंदी लागू नये म्हणून दोन बोटांत धरून. माझंच वाक्य म्हणाली हसत, मोडक्या मराठीत माझी नक्कल करत, शेवटची फट बंद करायला विसरू नका मैत्रिणींनो –

केली बंद. एक. मग दुसरी.

कानाला हात लावला तिने. दडा बसल्यासारखा. मग माझ्याकडे बघितलं. पापणी लवली नाही.

मी सुटले नाही. सुटले नाही. आता दोघी आहेत.

चेहरा झाकून इथे पळाले. आत आल्यावर ओढणी बांधली, वही डब्यातून कशी आणली आठवत नाही. ओढणीच्या आत डोळे उघडेच आहेत.

अथर्व आज सुट्टीमुळे घरीच आहे, दार वाजवतोय. काय झालं उर्वी, काय झालं. त्याने अक्षराला धीर दिला, घाबरू नको, मावशीला बरं नाहीये. ती म्हणाली, मी बघते. मराठीत. स्वच्छ मराठीत, कराडकडच्या हेलात –

नाण्याने लॉक फिरवतायत बाहेरून. अथर्व, नको रे. अथर्व, तिला घरी पाठव, तिच्या आईला सांग, तेल लाव कोपऱ्याला, अजून ओलं असेल, अजून –

दार उघडलं.

मेंदीचा वास. बोटं थंड आहेत. मागे ओढणीच्या गाठीवर आली. कुणी वाचलं तर रेघ बंद करू नका, कुणीही, दार ठेवा, डोळ्याला दा