काट्यावर तोलून वाटलेले औषध

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, बुलढाणा.

विषय : माझा मुलगा शालिग्राम याच्या रक्तातील चरबी उतरविण्याचे औषध दुसऱ्यांस वाटल्याबाबत.

संदर्भ : निंबखेर्डी दवाखान्याचे कंपाउंडर श्री. निवृत्ती यांचा दि. २ ऑगस्ट १९७१ चा लेखी खुलासा. (तो मी समोर बसून लिहून घेतला आहे.)

महोदय,

१. माझा थोरला मुलगा नारायणराव छत्तिसाव्या वर्षी, वखर सोडता सोडता छाती धरून गेला. अंगाने तो काडीसारखा होता. धाकटा शालिग्राम तसाच असून आज चौतीस वर्षांचा आहे. त्याच्या पापण्यांवरील पिवळे डाग पाहून बुलढाण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासविले. कोलेस्टेरॉल तीनशे नव्वद निघाले. त्यांच्या चिठ्ठीवरून तीन महिन्यांच्या गोळ्या शालिग्रामच्या नावे आमच्या दवाखान्यात आल्या.

२. कंपाउंडरांनी त्या त्याला दिल्या नाहीत. "माय, तुमच्या पोराच्या हाडाले मास नाही, चरबी कुठून येईन? ज्याले गरज त्याले देल्ल्या," असे ते मला माझ्याच ओसरीवर म्हणाले.

३. गरज ठरविण्याकरिता त्यांनी अडत्या वामनराव यांच्या दुकानातील कापसाचा काटा वापरला. नव्वद किलोंवरील माणसास गोळ्या, खालच्यास नाही. शालिग्राम अठ्ठेचाळीस भरला. त्याचे नाव खोडले. पहिला मान अर्थातच काट्याच्या मालकास मिळाला. वामनराव यांचे रक्त कोणी तपासलेले नाही. त्यांस तीन दिवस जुलाब होऊन दीड किलो वजन उतरले, सबब "औषध लागू पडले", असे खुलाशात नमूद आहे. तो मजकूर आपण स्वतः वाचावा.

४. रक्तातली चरबी काट्यावर दिसत नाही, हे मला चौथी शिकलेल्या बाईला समजते. सरकारी पगार घेणाऱ्यास ते समजवावयाचे काम माझे नाही, आपले आहे.

५. वाटप आजच थांबवावे आणि चिठ्ठीप्रमाणे नव्या गोळ्या मागवाव्यात. सोमवारी पहिल्या एस.टी.ने मी शालिग्रामला घेऊन आपल्या कचेरीत येत आहे. पहिली गोळी तो आपल्यासमोर घेईल.

६. नारायणराव गेला तेव्हा आजार कोणाला ठाऊक नव्हता. मी कोणाला बोल लावला नाही. या वेळी कागद आहे, औषध आहे, आणि ते वामनरावांच्या पोटात आहे. शालिग्रामला काही झाले तर बोल कोणाला लावावयाचा, हे मला ठाऊक आहे.

आपल्या उत्तराची नव्हे, औषधाची वाट पाहणारी,

अन्नपूर्णाबाई उकंडराव सरनाईक
मु. निंबखेर्डी, ता. चिखली
दि. ५ ऑगस्ट १९७१

सोबत : १) रक्त तपासणीचा कागद. २) डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल. ३) कंपाउंडरांच्या खुलाशाची नक्कल, मूळ प्रत माझ्याजवळ राहील.