साखर उतरली तेव्हा

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं उलटली आणि मी अजून तुमच्यावर संशय घेते. संशय घ्यायला मला तुम्हीच शिकवलंत. फौजेतून पेन्शनीत आलेले तुम्ही, बाजारातून आणलेली पेंड घरी पुन्हा तोलायचात, डॉक्टरनं दिलेली गोळी तोंडात टाकण्याआधी नखानं उकरून बघायचात. मीही तशीच झाले. पण सांगलीच्या दवाखान्यातल्या एका दुपारबद्दल माझ्या मनात जे आहे, ते मी आजवर कुणाजवळ काढलं नाही. आईजवळही नाही.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. पायताणाचा खिळा तुमच्या पायात घुसला आणि तुम्हाला कळलंच नाही. साखरेच्या आजारानं तळपाय बधिर झालेले. जखम काळी पडली तेव्हा आईला वास आला. कोरेगावच्या डॉक्टरनं साताऱ्याला पाठवलं, साताऱ्याच्यानं सांगलीला. माझा भाऊ दादा फौजेत, सरहद्दीवर, त्याला रजा मिळेना. म्हणून तुमच्यापाशी राहायला मी आले. विट्याचं सासर सोडून मला तीन वर्षं झाली होती. नवरा सोनं गाळायच्या कामाला दूरच्या शहरात गेला आणि तिथंच दुसरा संसार मांडून बसला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या दिवाळीत मी जेवताना तुम्हाला एकदाच म्हटलं होतं, विहिरीजवळचा तुकडा माझ्या पोरीच्या नावावर करता का. तुम्ही घास संपवलात, उठलात, हात धुतलेत. ना हो म्हणालात, ना नाही. ते न मिळालेलं उत्तर घेऊन मी तुमच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले होते.

दवाखान्यातली सकाळ अजून डोळ्यांपुढे येते. सिस्टर काचेच्या नळीत निळं औषध घेते, त्यात तुमच्या लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळते. निळं राहिलं तर ठीक, विटेसारखं लाल झालं तर साखर जास्त. त्या रंगावर इंजेक्शन किती द्यायचं ते ठरतं. सात वाजता इंजेक्शन, आठला न्याहारी, जेवण बारानंतर कधीतरी. तुमची ती सिस्टर जत बाजूची, माझ्याच वयाची, बोलण्यात कानडी हेल. ती तुमच्याशी हळू आवाजात बोलायची आणि मी जवळ गेले की गप्प व्हायची. निदान मला तसं वाटायचं. एकदा तुमची उशी सरळ करताना मला खाली कागदाची पुडी सापडली. उघडली तर खडीसाखर.

"आबा, हे काय?"

"औषध हाय ते. ठेव तितंच."

"खडीसाखर औषध? कुणी दिली?"

"त्या सिस्टरनं. हात कापाया लागलं, घाम फुटला की तोंडात टाका म्हणली."

माझा विश्वास बसला नाही. कसा बसावा? घरी तुमच्या फौजी कोटाच्या खिशात मी कंदी पेढे पकडले होते, तेव्हाही तुम्ही म्हणालात, देवीचा प्रसाद हाय. ज्या माणसाचा पाय साखरेनं सडतोय त्याला परिचारिका लपवून खडीसाखर देते, याचा मी एकच अर्थ लावला. तुम्ही तिला गोड बोलून फितवलंत, किंवा तिच्या मनात काही वेगळं आहे. तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मी पुडी पदराआड घेतली आणि बाहेर जाऊन नाल्यात टाकली. मला फार बरं वाटलं, आबा. तुमचा जीव वाचवला असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुमची जखम ऑपरेशनच्या खोलीत साफ करायची होती. भूल द्यायची म्हणून पोटात काही नको. जतची सिस्टर त्या दिवशी सुट्टीवर. दुसरीच आली, तिनं नळी तापवली, रंग बघितला आणि रोजच्यासारखं सातला इंजेक्शन देऊन गेली. उपाशी ठेवायचंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि इंजेक्शनवर काही खायला लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नऊला नेणार होते. मग उसाची गाडी उलटून दोघंजण जखमी होऊन आले आणि तुमचा नंबर मागं गेला. दहा वाजले, साडेदहा वाजले.

तुमच्या कपाळावर घाम आला. मी पंख्याकडे बघितलं, पंखा चालू होता. तुमचा हात उशीखाली गेला, चाचपत राहिला.

"पुडी कुठं हाय?"

"कसली पुडी? आज उपास हाय तुमचा."

"पुडी कुठं हाय म्हंतो!"

शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. तुमचा आवाज तो नव्हताच. डोळे माझ्यावर, पण मला ओळखत नसल्यासारखे. आणि मग तुम्ही ते बोललात.

"मला ठावं हाय तू का बसलीस हितं. मी मेल्याबिगर इहिरीजवळचा तुकडा गावत न्हाई तुला. म्हणून बसलीस. माझी पुडी चोरलीस. मारायला आलीस मला. नवऱ्यानं उगंच न्हाई टाकली तुला!"

वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं. मी उठले. साखर खायला मिळेना म्हणून हा माणूस पोटच्या पोरीला असं बोलतो, हाच विचार माझ्या डोक्यात होता. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन कठड्याला धरून उभी राहिले आणि ठरवलं, हाक मारली तरी जायचं नाही. तुम्ही हाक मारलीच नाहीत. अर्धा तास गेला असेल. शेजारचा माणूस दारात आला आणि म्हणाला, "ताई, आवं बगा की, म्हातारं कसं करतंय."

तुमचे दात आवळलेले. अंगावरची चादर घामानं भिजलेली, हात थंडगार, आणि हलवलं तरी डोळे उघडेनात. मी ओरडले. कशी ओरडले ते मला माहीत नाही, पण डॉक्टर धावत आले. तुमचा हात धरला, डोळ्याची पापणी वर केली आणि त्या नव्या सिस्टरला एकच विचारलं, "सकाळी इन्सुलिन दिलं? उपाशी पेशंटला?" तिनं होकारार्थी मान हलवली. त्यांनी ग्लुकोजची एक मोठी सिरिंज भरून घेतली आणि तुमच्या दंडाच्या शिरेत सावकाश रिकामी करायला लागले. सिरिंज संपायच्या आत तुम्ही डोळे उघडलेत. दोन मिनिटं झाली नसतील. इकडंतिकडं बघितलंत आणि म्हणालात, "च्या आला का गं?"

मी रडत होते. डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, "आबा, तुमी मला काय काय बोलला, ठाऊक हाय का?"

"कवा? मला काय ठावं न्हाई." एवढं म्हणून तुम्ही तोंड भिंतीकडं केलंत.

डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. इंजेक्शननं रक्तातली साखर उतरते, पोटात अन्न नसलं तर उतरतच जाते. मग घाम, थरथर, माणूस भांडतो, बरळतो, शेवटी शुद्ध जाते. "ते तुमचे वडील बोलत नव्हते, साखर कमी झाल्यामुळं होतं ते सगळं," असं ते म्हणाले. त्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जतची सिस्टर कामावर आली. पुडीची गोष्ट तोवर वॉर्डभर झाली होती. पेशंटला परस्पर खडीसाखर दिली आणि कागदावर लिहिलं नाही, म्हणून मोठ्या सिस्टरनं तिला सगळ्यांसमोर झापलं. मी तिथंच उभी होते. ती माझ्याकडं आली. "पुडी कुठं गेली वो, ताई? बाबांजवळ व्हती की."

"मला न्हाई ठाऊक," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. तिला कळलं असं मला अजून वाटतं. पण ती म्हणाली, "तुमास्नी पण सांगायला पायजे व्हतं मी. तुमी त्येंच्यावर रागवाल म्हणून बाबाच नको म्हणलं. चुकलं माझं." आणि मग तिनं मला खाटेवर बसवून सगळं नीट शिकवलं, घाम कसा ओळखायचा, साखरपाणी किती द्यायचं, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, ठसका लागतो. मी तिचं नावही विचारलं नाही.

दोन बोटं घालवून तुम्ही घरी आलात. पुढं सहा वर्षं जगलात. मी रोज सिरिंज उकळून तुम्हाला इंजेक्शन द्यायचे आणि तुम्ही भाकरीचा पहिला घास खाल्ल्याशिवाय दारातून हलायचे नाही. दवाखान्यातून आलात त्याच वर्षी तुम्ही कोरेगावला जाऊन विहिरीजवळचा तुकडा माझ्या पोरीच्या नावावर करून आलात. कागद माझ्यापुढं ठेवलात आणि गोठ्याकडं गेलात. आईला आनंद झाला. मला झाला नाही. ज्या माणसाला त्या दुपारचं काहीच आठवत नाही, तो मी पुन्हा न मागता असं का करेल? मी तुम्हाला विचारायला हवं होतं. पुडीचंही सांगायला हवं होतं. कागद ट्रंकेत ठेवला आणि दोन्ही राहिलं.

आता मलाही इन्सुलिन लागलंय. गेल्या महिन्यात साताऱ्याला दवाखान्यात होते. पोटाची सोनोग्राफी करायची म्हणून इन्सुलिन दिल्यावरही उपाशी ठेवलं आणि ती करणारा माणूसच वेळेवर आला नाही. आता बोटाला टोचून लगेच आकडा दाखवणारं यंत्र असतं, पण ते वापरायला कुणी जवळ लागतं. पोरगी चहा घेऊन आली तोवर माझा आकडा खूप खाली गेला होता. शुद्धीवर आले तेव्हा ती माझे हात पुसत होती, डोळे लाल. मी विचारलं, काय बोलले मी? "काही नाही गं आई. साखर उतरली होती, ती तू नव्हतीस."

पण मीच होते, आबा. तिचा हात कपात चमचा ढवळत होता आणि त्यात काहीतरी कालवलंय, याची मला पक्की खात्री होती. आयुष्यात कुठल्या गोष्टीची एवढी खात्री मला कधी वाटली नव्हती. मी तिला काय म्हणाले ते मला शब्दन्शब्द आठवतंय. इथं लिहिणार नाही.

तिला मी सांगितलं, मला काही आठवत नाही. आणि तोंड भिंतीकडं केलं.