पापाजींनी मागितलेली माफी

आदरणीय पापाजी,

लंडनमध्ये, साउथॉलच्या वाचनालयात इथेच वाढलेल्या आपल्या पंजाबी मुलांचा कवितांचा कार्यक्रम होता. तिथे माइकवर मी म्हटलं, की माझे वडील मला पट्ट्याने मारायचे. माझ्याआधी सगळ्यांनी आपापली दुःखं सांगितली होती आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

गुड्डी चाचीने तुम्हाला त्याचा व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या दिवशी बसची ड्यूटी संपवून तुम्ही गणवेशातच माझ्या दारात आलात.

"पुत्तर, तुझी आई गेल्यावर मी प्यायला लागलो होतो," तुम्ही खाली बघत म्हणालात. "तेव्हाचं मला सगळं आठवत नाही. हात उचलला असेल, तर माफ कर."

तुम्ही कधीच हात उचलला नाहीत, पापाजी. उलट रोज ड्यूटीला जाण्याआधी माझ्या वेण्या घालायचात. हे तेव्हाच सांगायचं, तर मी म्हणाले, "जाऊ द्या, मी केव्हाच माफ केलंय."

आता गुरुद्वाऱ्यात तुम्ही लंगर वाढायला पुढे येत नाही, मागे भांडी घासत बसता, असं चाची सांगते. तरी वरचं सगळं लिहून बरेच दिवस झाले, हे पत्र अजून माझ्या पर्समध्येच आहे.

तुमची,
हरसिमर