बारशाला न आलेली आत्या

मुंबई, १८ नोव्हेंबर १९७२

चि. राधाकृष्ण यास आक्काचे आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. जेवणाचेही हाल नाहीत. काळजी करू नये.

परवा बारसे झाले असेल. एकुलती एक आत्या मी, आणि आलेच नाही. कारण ऐक. रेडिओसारख्या यंत्रात बसवतात त्या छापील तक्त्यावरच्या तांब्याच्या बारीक रेघांतून विजेचा सिग्नल कसा जाईल, हे आम्ही तक्ता बनवण्याआधी कॉम्प्युटरवर गणिताने पाहतो. पाटाचे दार एकदम पाडले की पाण्याची लाट उलटी येते, तसा रेघेच्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि घोटाळा करतो. तो किती परत येईल, हेच माझे गणित. त्यासाठी कॉम्प्युटरवर पाळी मिळाली ती नेमकी बारशाच्या दिवशी. गणित भोके पाडलेल्या कार्डांवरून, ओळीने लावून, त्याला द्यावे लागते.

हाताखालचे देसाई म्हणाले, “बाई, तुम्ही गावी जा. कार्डे मी लावतो.”

मी म्हटले, “एक कार्ड उलटे लागले तर सगळे वाया. बारशाला बायका पुष्कळ आहेत.”

थांबले, आणि सकाळीच कॉम्प्युटर बंद पडला. दिवसभर कार्डांचा गठ्ठा मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले.

विहिरीला पाणी आहे का? छबू बाळंतीण आहे, तिला पोटभर मिळते ना? खरे लिही, मला बरे वाटावे म्हणून नको.

बाळाच्या कानात नाव कोणी सांगितले? शेजारच्या राहीबाईने सांगितले असेल तर पाठीत धपाटेही तिलाच मिळाले असतील. नाव ऐकून पोरगी रडली की टकमक पाहत राहिली, तेवढे कळव.

तुझी,
आक्का