तारेत न मावलेलं कारण

परळ, २० ऑगस्ट १९५८

ती. सौ. अक्कास रघूचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, खाणावळीत दोन्ही वेळ जेवतो. कालची तार मिळाली ना? बाबल्याच्या गोळ्या बंद करून त्याला मालवणच्या डॉक्टरांकडे नेलंत का? दूध पितो का तो?

तारेत कारण मावेना. अक्का, मी डॉक्टर होत नाही. शिमग्यापासून कॉलेज सोडलंय. हरताळामुळे कॉलेज बंद आहे असं लिहिलं, ते खोटं होतं.

वर्गातल्या शैलाला प्रोफेसर सगळ्यांदेखत बोलले. मी त्यांना उलट बोललो आणि ॲप्रन टेबलावर फेकून निघालो. वाटलं, तिला बरं वाटेल. जिन्यात म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" तरी रोज तिच्या वाटेवर उभा राहतो, लाज नाही मला.

मुलांचा वॉर्ड चौथ्या वर्षाला असतो, मी तिसऱ्यातच सोडलं. मोठ्यांची गोळी अर्धी करून बाबल्याला द्यायला मीच लिहिलं. तेव्हापासून तो नुसता झोपून असतो, हे तुझं पत्र शैलाला दाखवलं. म्हणाली, "पोराचं वजन तरी विचारलंस का रे?" विचारलं नव्हतं. तिनेच मला तारघरात पिटाळलं.

हल्ली औषधांच्या दुकानात बाटल्यांना लेबलं चिकटवतो. भावोजींना तूच सांग.

बाबल्याचं लगेच कळव. पाकिटावर माझ्या नावाआधी डॉक्टर घालू नकोस. इथे चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे, तुलाच सांगायचं राहिलं होतं.

तुझा चुकलेला भाऊ,
रघू