मशीन आधीच मोडलं होतं

प्रिय आई,

काल तुझं तेरावं झालं. पंगतीत मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "बिचारी अडाणी होती, पण राबली हो पोरीसाठी." राबलीस, खरंय. पण अडाणी? मी भरल्या पानावरून उठले. राग अजून उतरत नाही, म्हणून तुलाच लिहितेय.

मी आठवीत होते. तू मानपाड्याच्या कारखान्यात डबे पॅक करायचीस. एका संध्याकाळी इंग्रजी कागद घेऊन आलीस. मी अडखळत वाचला: तुमच्या निष्काळजीपणामुळे डबे सील करायचं मशीन मोडलं, आठ दिवसांत खुलासा द्या.

"खोटं आहे! मी पाळीवर गेले तेव्हा ते मोडलेलंच होतं."

"मग मराठीत लिहून दे ना."

"मराठी कागद साहेब वाचतच नाही. इंग्लिशमध्येच देणार."

"मी देते लिहून."

"नको. हे काय लिहिलंय म्हणून त्याने विचारलं, तर मला सांगता यायला हवं."

चौथी शिकलेली तू! एबीसीडी तेवढी माझ्यासोबत गिरवलेली. पण हट्ट केवढा!

त्या रविवारी सकाळी अख्खी चाळ शेजारच्या काकूंकडे टीव्हीपुढे बसलेली, आणि तू माझं व्याकरणाचं पुस्तक घेऊन ओट्यापाशी. भूतकाळ करताना ब्रेकचं तू ब्रेक्ड केलंस, गोचं गोएड. मी फिदीफिदी हसले.

"हसतेस काय? गोचं वेन्ट होतं, हा कुठला न्याय?"

तुझा चेहरा पडला होता गं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तरी लिहिलंस, ‘व्हेन आय केम, द मशीन ब्रोक.’ मी ओरडलेच, "अगं, याचा अर्थ तू आलीस आणि मशीन मोडलं! आधीच मोडलेलं होतं म्हणायचं, तर हॅड ब्रोकन हवं."

"एवढ्याशा हॅडने माझ्यावरचा आळ जातो?"

"जातो."

"मग तो मी मोठ्या अक्षरात लिहिते!"

खुलासा नेऊन दिलास तेव्हा साहेबाने विचारलं, "कोणी लिहून दिलं?" तू म्हणालीस, "मीच." आणि हॅड का घातला, तेही त्याला समजावलंस! आधीच्या पाळीचं रजिस्टर उघडायला लावलंस. त्यात मशीन बंद पडल्याची नोंद होतीच. त्याने तो मेमो मागे घेतला. दुसऱ्या दिवशी तू त्याला माफी मागायला लावायला परत गेलीस. ती मिळाली नाही. उलट तुला पॅकिंगवरून डबे धुवायला टाकलं.

"टाकू दे," म्हणालीस. "कागदावर माझंच खरं राहिलं."

हे तू माझ्याशिवाय कधी कुणाला का सांगितलं नाहीस? मिरवायचं होतंस की!

सोमवारी आमच्या ठाण्याच्या ऑफिसात राजीनाम्याचे छापील कागद वाटणार आहेत. ‘स्वखुशीने’ म्हणे! मी सही करणार नाही, आई. उत्तर मीच लिहीन आणि साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून मोठ्याने वाचेन. शब्द देते.

तुझी हट्टी,
सुमन